रंग घ्यायला गेलो आणि दुधाची पिशवी कापून बसलो (रंगाचं दुकान, लक्ष्मीपुरी, कोल्हापूर, चार स्टार)

पाचपैकी चार. एक स्टार कुठं गेला ते खाली येईलच. हा रिव्ह्यू मी मुद्दाम सहा महिने थांबून लिहितोय कारण रंग लावल्या लावल्या सगळ्यांचीच घरं भारी दिसतात, फोटो टाकला की दहा जण खाली नाद खुळा लिहून जातात, आणि मग जुलै येतो. कोल्हापुरात रंगाची परीक्षा पावसाळ्यात, त्यामुळं पावसाळा काढला, गणपती झाले, दसरा झाला, आता बसलोय. (आणि हो, मी बाई आहे. आमच्यात बायका पण गेलो, आलो, करतो असंच बोलतात, पुण्यामुंबईच्यांनी गोंधळू नये.)

आमचं घर शाहूपुरीत, कुंभार गल्लीपासून चालत पाच मिनिटांवर. म्हणजे इथल्यांना कळलंच असेल. पंचगंगा फुगली की जयंती नाल्याचं पाणी उलटं आत येतंय, 2019 ला आलतं, 2021 ला पण आलतं. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट झाले की इशारा आणि 43 झाले की धोका, हे आमच्या गल्लीतल्या बारक्या पोरांना पाढ्याआधी पाठ होतं. 2021 ला खालच्या खोल्यांत मांडीएवढं पाणी तीन दिवस उभं होतं. पाणी उतरलं, चिखल काढला, डेटॉल फिनेल सगळं झालं, आणि दिवाळीच्या आत घर रंगवायचंच असा नवऱ्याचा हट्ट. सगळ्यात महागातला रंग आणला, तो रेशमासारखी चमक असलेला. कुठल्या कंपनीचा ते लिहीत नाही कारण चूक रंगाची नव्हती हे आता कळलंय. पुढच्या आषाढात भिंतीला टम्म फुगलेल्या पुऱ्या आल्या. बोटानं दाबलं की फट्ट, आणि आतून पुट्टीचा भुगा आणि मिठासारखं पांढरं काहीतरी खाली. आमच्या आत्ती (सासूबाई) एवढंच म्हणाल्या, "चुना बरा होता." मी मनात म्हटलं, आता तुम्ही तरी गप्प बसा.

तीन वर्षं त्या पुऱ्या कॅलेंडर लावून, कपाट सरकवून झाकल्या. यंदा पोराची दहावी संपली आणि म्हटलं आता घर आतून नीट करायचंच.

तर दुकान. लक्ष्मीपुरीतलं जुनं, बोळासारखं लांबडं, दोन्ही बाजूला छतापर्यंत डबे, मागं रंग मिसळायचं मशीन, पुढं एक लाकडी स्टूल आणि दोरीनं बांधून ठेवलेली शेड कार्डं (लोक पळवतात म्हणे). काकांच्या नखांत रंग. मी गेलो आणि सरळ म्हटलं, काका, सगळ्यात चांगला रंग दाखवा.

"कशाला?"

"घराला की."

"घराला न्हवं वैनी, कुठल्या भिंतीला?"

आणि मग डॉक्टरसारखे प्रश्न. भिंत विटेची का दगडाची, किती जाड, तळमजला का वरचा, मागच्या बाजूला बाथरूम हाय का, खिडकी कुठल्या अंगाला, आधी काय लावलतं, पाणी आलतं का, आलतं तर किती दिवस. मी सांगितलं. काका म्हणाले, "मग आज तुम्हाला रंग देत नाही. घरी जावा, गोकुळ दुधाच्या लिटरच्या दोन-तीन पिशव्या कापा, धुवून पुसून वाळवा आणि भिंतीवर वेगवेगळ्या उंचीला चारी बाजूनं चिकटपट्टी लावून डकवा. उद्या याच टायमाला काढून बघा."

गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार मी पहिल्यांदा बघितला. घरी येऊन सांगितलं तर नवरा म्हणाला येड लागलंय का त्यांना. पण लावल्या पिशव्या. गुडघ्याच्या उंचीला एक, कमरेला एक, डोक्याच्या वर एक. दुसऱ्या दिवशी गुडघ्याजवळच्या पिशवीला भिंतीच्या बाजूनं दव पडल्यासारखं पाणी, कमरेच्या पिशवीला थोडं, वरची कोरडी खडखडीत. पाणी पिशवीच्या आतून, म्हणजे भिंतीकडच्या बाजूनं आलं तर ते भिंतीतलं, बाहेरच्या बाजूला आलं तर ते खोलीतल्या दमट हवेचं, असा तो हिशोब. मार्च महिन्यात, पूर येऊन चौथं वर्ष चालू असताना भिंत अजून ओली होती!

काकांनी मग सांगितलं. जुन्या घरांच्या जोत्याला डीपीसी, म्हणजे ओल अडवणारा थर, बऱ्याचदा नसतोच. दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं जमिनीतलं पाणी विटांतून वर चढतं, चढताना खार घेऊन येतं, पाणी हवेत उडून जातं आणि खार भिंतीच्या तोंडाशी राहतो. वरनं तुम्ही जितका महाग, जितका चकचकीत, जितका घट्ट पापुद्र्याचा रंग लावाल तितकी भिंतीची वाफ आत कोंडणार, आणि तो खार पापुद्र्याच्या मागं साठून रंगाला बाहेर ढकलणार. म्हणजे आमच्या पुऱ्या महाग रंगामुळं कमी न्हवत्या, उलट लवकर आलत्या. नवऱ्यानं विचारलं मग कमरेपर्यंत टाइल्स मारू का, गल्लीत पूर आलेल्या निम्म्या घरांनी तेच केलंय. काका म्हणाले मारा, पण मग पाणी टाइलच्या मागनं अजून वर चढंल आणि टाइलच्या वरच्या कडेला पुऱ्या येतील. हे ऐकून नवरा शेजाऱ्यांकडं बघायला गेला आणि पाच मिनिटांत परत येऊन म्हणाला, खरंय की.

मग आम्ही काय केलं तर खालचं चार फूट प्लास्टर पार विटेपर्यंत काढलं, विटा ब्रशनं खरवडून आठ दिवस तशाच उघड्या ठेवल्या, मग वॉटरप्रूफिंगचं औषध घालून नवीन प्लास्टर. गवंडी म्हणाला दहा दिवसात वाळतंय, चालू करा पुट्टी. काका म्हणाले 28 दिवस, त्याच्या आत आलात तर मी पुट्टी देणार नाही. (दुसऱ्या दुकानात मिळाली असती, पण एव्हाना आम्ही घाबरलो होतो.) महिनाभर घर म्हणजे नुसता इस्कोट, सोफ्यावर प्लास्टिक, आत्ती वरच्या खोलीत, स्वयंपाक निम्मा गच्चीवर.

आता रंगाचं. मला वाटायचं डिस्टेंपर म्हणजे गरिबाचा, इमल्शन म्हणजे चांगला, आणि इमल्शनमध्ये जाहिरात जास्त तो जास्त चांगला. काकांनी सगळ्या कंपन्यांची उतरंडच मांडून दाखवली. एशियनचं ट्रॅक्टर खाली, अपकोलाइट मधे, रॉयल वर. बर्जरचं बायसन खाली, सिल्क वर. ड्युलक्सचं प्रॉमिस खाली, वेल्वेट टच वर. नेरोलॅकचंही तसंच, आणि 2024 ला बिर्ला ओपस बाजारात आल्यापासून आणखी एक उतरंड वाढली. खालच्या आणि वरच्या डब्याच्या लिटरच्या भावात दोन-तीन पट सहज फरक. तेवढे पैसे कशाचे? काका म्हणाले रंगात मुख्य चार गोष्टी: पाणी, रंगाची पूड (पांढऱ्यात ती टायटॅनियम डायऑक्साइडची, ती महाग), खडूसारखी स्वस्त भरणी, आणि हे सगळं भिंतीला धरून ठेवणारा चिकटा म्हणजे बाइंडर. स्वस्तात भरणी जास्त, चिकटा कमी. महागात उलटं. बस्स एवढंच.

त्यांच्याकडं एक प्लायचा तुकडा होता, अर्ध्यावर स्वस्तातलं इमल्शन, अर्ध्यावर मधलं. मला म्हणाले घ्या पेन्सिल, मारा रेघोट्या दोन्हीवर, आणि हा ओला स्पंज, घासा. स्वस्ताकडं रेघोटी निघाली पण रंगही निघून स्पंज पांढरा झाला. मधल्याकडं रेघोटी गेली, रंग राहिला. मग काळा रुमाल दिला, कोरडाच घासायला. तेच. हा पाच मिनिटांचा खेळ टीव्हीवरच्या दहा वर्षांच्या जाहिरातींपेक्षा जास्त शिकवून गेला. कुठल्याही दुकानात जावा, असा तुकडा मागा, नसेल तर दोन छोटे डबे घेऊन घरी करा.

पण गंमत पुढं आहे, काकांनी आम्हाला सगळीकडं मधला पण घेऊ दिला नाही. छताला कोण हात लावतंय, तिथं साधा पांढरा, बिनचमकीचा. वरच्या पोराच्या खोलीत स्वस्तातलं इमल्शन, कारण तो दोन वर्षांनी होस्टेलला जाणार आणि भिंतीवर पोस्टरच लावणार. पैसा घालायचा तो स्वयंपाकघरात. आमच्या घरात वर्षाची कांदा-लसूण चटणी घरीच होते आणि दर रविवारी रस्सा होतो, तेलाचा धूर भिंतीला बसतोच, तिथं मधल्यातला, थोड्या चमकीचा सॅटिन घेतला, पुसायला सोपा. चमक जास्त तितकं पुसणं सोपं पण भिंतीचा खड्डा-उंचवटाही तितकाच दिसतो, म्हणून हॉलला मॅट. आत्तींना दमा आहे, त्यांच्या खोलीला कमी व्हीओसीचा (व्हीओसी म्हणजे रंगातनं हवेत उडणारी रसायनं). इथं एक सांगतो, वास नाही म्हणजे व्हीओसी नाही असं नसतं, डब्यावर लिटरला किती ग्रॅम ते छापलेलं बघायचं, आणि कुठलाही असला तरी आठवडाभर खिडक्या उघड्या ठेवून मगच म्हाताऱ्या माणसाला आत झोपवायचं.

खिडक्यांचे जुने गज घासायला पेंटर कोरडा पॉलिश पेपर घेऊन बसलेला, ते काकांना फोनवर कळलं तर ओरडलेच. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भाग) वर नको हा नियम 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, आमच्या गजांवरचा ऑइल पेंट त्याच्या कितीतरी आधीचा, त्यात काय काय असेल कुणाला माहीत आणि ती धूळ नाकात जाणार. पाणी लावून घासा, फडक्यानं पुसून घ्या, पोरांना लांब ठेवा. हे मला आतापर्यंत कुणीच सांगितलं नव्हतं.

आता खालच्या चार फुटांचं. तिथं इमल्शन लावायचंच नाही असं काकांचं ठाम मत. मग काय लावू? म्हणाले, "चुना." मी आत्तींकडं बघितलं नाही. चुना लावलेल्या भिंतीतनं वाफ येते-जाते, पापुद्रा धरतच नाही तर फुगणार काय, आणि खार आलाच तर ब्रशनं झाडून दिवाळीला परत एक हात मारायचा, खर्च किती तर एका जेवणाचा. फक्त चुना कपड्याला लागतो म्हणून त्यात गरम पाण्यात विरघळवलेला डिंक घालायचा. हॉलमध्ये नुसता पांढरा पट्टा बरा दिसेना म्हणून चुन्यात काव मिसळली, गावाकडच्या घरांना खालून असायचा तसला तांबूस पट्टा झाला आणि वर साय-रंगाचं मॅट. आलेले पाहुणे विचारतात डिझायनर कोण? मी आत्तींकडं बोट दाखवतो.

टोकनाचा विषय काढायलाच पाहिजे. आमचा पेंटर पहिल्या दिवसापासून एकाच कंपनीच्या 20 लिटरच्या बकेटा आणा म्हणून मागं लागलेला. का ते काकांनी सांगितलं. बऱ्याच डब्यांत पेंटरसाठी टोकन असतं, आता काहीत क्यूआर कोड असतो, डबा उघडला की त्याला पैसे नाहीतर पॉइंट मिळतात. ही चोरी नाही, कंपन्यांनीच चालू केलेली पद्धत आहे, पण त्यामुळं तो सांगतोय तो रंग तुमच्या भिंतीसाठी का त्याच्या टोकनासाठी हे कळत नाही. काका म्हणाले भांडू नका, रंग तुम्ही ठरवा आणि टोकन त्याला हसत द्या. तसंच केलं, आणि त्यानं पहिल्या हाताला पाणी किती घालायचं त्यात गडबड केली नाही. (मी पण मापाचं भांडं घेऊन शेजारी उभाच होतो म्हणा.) डब्यावर लिहिलंय त्याच्यावर पाणी गेलं तर घासणाऱ्या स्पंजला सगळ्यात महाग रंग पण स्वस्तासारखाच वागतो.

किती लागेल हे आपलं आपण काढावं. दहा बाय बाराची खोली, उंची दहा, तर चार भिंती 440 स्क्वेअर फूट, छत 120, दार-खिडकीचे 40 वजा. डब्यावर लिटरला अमुक स्क्वेअर फूट लिहिलेलं असतं ते गुळगुळीत भिंतीचं असतं, आणि एका हाताचं का दोन हाताचं ते बारीक अक्षरात. आणि शेड कार्डावर बघून ठरवू नका, कार्डावरचा चौकोन पोस्टाच्या तिकिटाएवढा. मी एक पिवळा घेतलेला, कार्डावर हापूस, भिंतीवर ट्यूबलाइटखाली लिंबाचं सरबत. छोटी डबी घेऊन दोन फुटाचा चौकोन मारा, सकाळी, दुपारी आणि रात्री लाइट लावून बघा. गडद लाल, गडद पिवळा घेणाऱ्यांनी तिसऱ्या हाताचा खर्च धरून चालावं, हे रंग खालचं झाकत नाहीत.

आता गेलेला स्टार. हॉलला चार लिटर कमी पडला, परत तोच शेड नंबर सांगून आणला, मशीनवरच्या पोरानं करून दिला, आणि लावल्यावर दुपारच्या उन्हात एक भिंत दुसरीपेक्षा किंचित काळपट. बेसचा (मशीन ज्यात रंग मिसळतं त्या मूळ डब्याचा) बॅच वेगळा असला की असं होतं, हे पोराला माहीत पाहिजे होतं आणि देताना सांगायला पाहिजे होतं. काकांनी मान्य केलं, म्हणाले सगळे डबे एकदम घ्यायचे, मोठ्या बादलीत एकत्र करायचे, किंवा एक भिंत कोपऱ्यापर्यंत एकाच डब्यानं संपवायची. हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर? ती भिंत परत मारली, रंगाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, मजुरी माझ्या खिशातून गेली. शिवाय माल सांगितलेल्या दिवशी कधीच येत नाही, सकाळी दहा म्हणजे दुपारी चार. आणि मिसळून दिलेला रंग परत घेत नाहीत, ते मात्र कुठंच घेत नाहीत. बिल पक्कं देतात, 18 टक्के जीएसटी लावून, आणि छापील किमतीवर न मागता कमी करतात. पण भाव करायला गेलात तर चहा येतो आणि भाव तोच राहतो.

पावसाळ्याचा निकाल: वरच्या भिंतींना एक पुरी नाही. स्वयंपाकघर ओल्या फडक्यानं आठवड्याला पुसतोय, डाग जातोय, रंग जागेवर. हॉलमध्ये नाल्याच्या बाजूच्या कोपऱ्यात ऑगस्टमध्ये पट्ट्यावर पांढरा खार फुटला, टाचणी टोचल्यासारखा, दसऱ्याच्या आधी आत्तींनी स्वतः झाडून घेतला आणि एक हात मारला, अर्धा तास. कपाटाच्या मागं मात्र बुरशीचा काळा ठिपका आलाय, तिथं हवाच खेळत नाही, रंगानं काय होणार, कपाट चार बोटं पुढं ओढलंय.

जायचं असेल तर लक्ष्मीपुरीच्या बाजाराच्या दिवशी जाऊ नका, गाडी लावायला जागा मिळणार नाही आणि काकांना बोलायला वेळ मिळणार नाही. जाताना खोल्यांची मापं आणि ओल्या भिंतीचा फोटो घेऊन जावा.

आणि त्या लिंबाच्या सरबताचा एक लिटर डबा माझ्याकडं सील न फोडता पडून आहे, छोटी डबी बघायच्या आधीच घेऊन बसलेलो. शाहूपुरीत कुणाला गॅलरीला, झाडांच्या कुंड्यांना पाहिजे असेल तर संध्याकाळी सहानंतर घेऊन जावा, पैसे नकोत, ब्रश तुमचा तुम्ही आणा.